कृष्णवर्णीय बाईला मत कधी मिळालं? १८७० की १९२०?

सक्करदऱ्याची ताई
नमस्कार. मी नागपुरात नववी-दहावीला इतिहास शिकवते. अमेरिकेतल्या मताधिकाराचा तक्ता करून राहिलो आम्ही. मुलींनी दोन रांगा आखल्या: कृष्णवर्णीयांना १८७०, पंधरावी घटनादुरुस्ती, स्त्रियांना १९२०, एकोणिसावी. तेवढ्यात एकीनं विचारलं, "मॅडम, कृष्णवर्णीय बाई कोणत्या रांगेत लिहायची?" तिला नेमकं उत्तर द्यायचं आहे. या दोन चळवळी एकत्र होत्या की वेगवेगळ्या? आपल्याकडचं काही सांगता आलं तर फार बरं होईल.

वाचनवेडा_सीताबर्डी
१९२० लिहा. १८७० ची दुरुस्ती वंशापुरती होती, लिंगाबद्दल त्यात शब्द नाही. म्हणजे मत पुरुषांनाच मिळालं.

इंदोऱ्याची निवृत्त शिक्षिका
ताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. हाच प्रश्न १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या भरसभेत विचारला गेला होता.

फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून सुटलेले. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सला स्त्रियांची परिषद भरली, तेव्हा मताधिकाराच्या ठरावामागे ते ठाम उभे राहिले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटन यांना त्यांचा मोठा आधार होता. म्हणजे सुरुवात एकाच मांडवात झाली. त्याआधी १८४० मध्ये लंडनच्या गुलामगिरीविरोधी परिषदेत स्त्री प्रतिनिधींना बसू दिलं नव्हतं, ती ठिणगी तिथलीच. पण यादवी युद्धानंतर आधी कोणाला मत, यावर फाटलं. डग्लस १८६९ च्या त्या सभेत म्हणाले, आमच्या लोकांना घरातून ओढून दिव्याच्या खांबाला लटकवतात, आमची निकड मोठी. कोणीतरी विचारलं, कृष्णवर्णीय स्त्रीचंही तसंच नाही का? ते म्हणाले, हो, पण ती स्त्री आहे म्हणून नाही, कृष्णवर्णीय आहे म्हणून. त्याच वर्षी स्त्रियांच्या चळवळीच्या दोन संघटना झाल्या. स्टँटनबाईंनी त्या काळात कृष्णवर्णीय पुरुषांबद्दल जे लिहिलं, ते वाचताना मला आजही राग येतो. फ्रान्सिस हार्पर या कृष्णवर्णीय कवयित्रीनं तर १८६६ मध्येच गोऱ्या बायांसमोर सांगितलं होतं, आपण सगळे एकमेकांशी बांधलेले आहोत. कोण ऐकतो!

आता १९१३ चा मार्च. वॉशिंग्टनला मताधिकाराचा मोठा मोर्चा निघाला. शिकागोहून आयडा बी. वेल्स आल्या होत्या, झुंडबळींविरुद्ध लिहिणाऱ्या निर्भीड पत्रकार. त्यांना सांगितलं, तुम्ही मागे, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या तुकडीत चाला. त्या गेल्या नाहीत. गर्दीत थांबल्या आणि त्यांच्या इलिनॉय राज्याची तुकडी समोर आली तशा तिच्यात शिरल्या.

हे वाचलं की मला आपल्या जाईबाई चौधरी आठवतात. एके काळी नागपूर-कामठीदरम्यान ओझी वाहिलेली ही बाई. १९२२ मध्ये तिनं मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली. १९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, बायांच्या हक्कांसाठीच. तिथं दलित म्हणून जाईबाईंचं पान वेगळं, दूर मांडलं गेलं. १ जानेवारी १९३८ ला त्यांनी निषेधाची सभा भरवून बाया जमवल्या. २० जुलै १९४२ ला याच शहरात दलित स्त्रियांची परिषद झाली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेबांचं भाषण. ठराव बघा: बहुपत्नीकत्व बंद व्हावं, घटस्फोटाचा हक्क मिळावा, गिरणी आणि बिडी कामगार बायांना रजा मिळावी, गिरणीत बायांवर बाईच सुपरवायझर हवी. घर आणि कामाची जागा एकाच कागदावर. आमची आजी बिड्या वळायची, म्हणून तो रजेचा ठराव मला भाषणापेक्षाही जवळचा.

आणि सर, १९२० लिहून काम भागत नाही. त्यानंतरही दक्षिणेतल्या राज्यांत साक्षरतेच्या परीक्षा, मतदानावरचा कर, धमक्या यांनी कृष्णवर्णीयांना मतपेटीपर्यंत पोहोचू दिलं नाही. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर तिथल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय बायांचं मत खरं झालं.

कामठी_रोड
मॅडम, मनापासून विचारतो. जात आणि वंश एक नाहीत. पोरांच्या डोक्यात गल्लत नाही का होणार?

इंदोऱ्याची निवृत्त शिक्षिका
भाऊ, एक नाहीत हे खरं. अस्पृश्यता रंगावर ठरत नव्हती आणि अमेरिकेत माणसं विकली जात होती. पण दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, हा इतिहासच आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्यांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाबद्दल विचारलं. तेव्हा सारखं म्हणू नका, शेजारी ठेवा. आपल्या घटनेच्या १५ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एकाच ओळीत आहेत, ते पोरांना दाखवा.

सक्करदऱ्याची ताई
खूप आभार, मॅडम. मग तिसरी रांग आखू का? तिच्यात काय लिहू?

इंदोऱ्याची निवृत्त शिक्षिका
आखा. पहिल्या रांगेत '१८७०, फक्त पुरुष' असं दुरुस्त करा. तिसरीत १९२० कागदावर, १९६५ प्रत्यक्षात. खाली जागा उरली तर आयडाबाई आणि जाईबाई, दोघींची नावं वर्षांसह लिहा. ज्या मुलीनं प्रश्न विचारला, तिच्याच हातानं लिहून घ्या.