गाड्या चार, माणसं तेरा आणि कुकरची रिंग

चिखलात_चाक:
जिप्सी विकायला काढलीय. काल डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करताना चतकोर कागद निघाला. २०१७च्या स्पिती ट्रिपची यादी, बायकोच्या अक्षरात. ‘कुकर – थारवाले. सिलिंडर – पुणेकर. दोर – आपण.’ कोपऱ्यात डिझेलचा डाग.

मनालीहून पहाटे चारला निघायचं ठरलेलं. वरचा बर्फ उन्हाने वितळतो, दुपारनंतर नाले फुगतात; म्हणून छत्रूच्या पुढचे नाले सकाळीच ओलांडायचे. हे सगळ्यांना पाठ होतं. तरी तेरा जणांचे पोहे, परत चहा, मग कुणाचा तरी चार्जर. नऊ वाजले. छोटा दर्‍याच्या अलीकडे नाल्यात तीनला पोचलो आणि नेमकी आमचीच जिप्सी दगडात अडकली. दोर कुठे? आमच्याच डिकीत, सगळ्यात खाली! गुडघाभर गार पाण्यात उभा राहून एकेक पिशवी काठावर देत होतो. पहिली हाताला लागली ती भाजणीची.

तुमच्याही आठवणी येऊ द्यात. फजिती असेल तर आधी.

वरणफळ:
भाजणी डिझेलच्या कॅनशेजारी ठेवलेली का? 😀

चिखलात_चाक:
ताई, अगदी टेकूनच. काझापर्यंत पंप नाही म्हणून वीस लिटर जास्तीचं घेतलेलं. थालिपीठं तरीही खाल्ली. दोन दिवस ढेकर डिझेलचे.

थारवाला_नं१:
कुकर मीच आणला होता रे. रिंग आईने धुवून ओट्यावर वाळत ठेवली ती तिथेच. मुक्काम चंद्रताल तळ्यापाशी, ४,२५० मीटरच्या वर, पाणी ८५-८६ अंशालाच उकळतं. तांदूळ दीड तास शिजत होता, खाताना कचकच. अर्धा सिलिंडर त्यातच गेला.

अबूधाबीकर:
आमचं वाळूचं. लिवाच्या वाळवंटात, ताल मोरीब या वाळूच्या टेकडीच्या बाजूला मुक्काम. वाळूत शिरायच्या आधी टायरची हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवायची, ते काम पाच मिनिटांचं. सहा गाड्या, सगळ्यांनी ऐटीत उतरवली. परत डांबरीला लागल्यावर कळलं कंप्रेसर एकच. चोवीस टायर, एकेकाला पाच मिनिटं, मधे तो तापला की बंद. दोन तासांचं काम, साडेतीन तास लागले. उरलेल्या चकल्या तिथेच संपल्या.

सुमाआजी:
माझा नातू पण जातो असल्या ठिकाणी. स्वेटर नेत नाही.

हळूहळू_चला:
काका, एक बोलू का? मनाली २,०५० मीटर आणि रात्री एकदम चंद्रताल? डोकी नाही का दुखली? आम्ही सिमला-कल्पा-काझा असे चढत गेलो. दोन मुक्काम जास्त, पण तब्येती ठणठणीत. यादीत दोर-कुकर लिहितात, मुक्कामाची उंची कुणी लिहीत नाही.

चिखलात_चाक:
दुखली ना. चौघं ओकले. पुणेकरांचा मेहुणा रात्रभर बसून. पहाटे त्याला खाली नेताना गाडीत कुठे बसवायचं यावरून वाद, कारण प्रत्येक मागची सीट सामानाने भरलेली. तेव्हापासून एका गाडीतली एक जागा रिकामी ठेवतोच.

गवताचं_पातं:
स्पितीत काय ते करा, पण आपल्या सड्यांवर गाड्या घालू नका रे. पावसाळ्यात पठारावर मातीचा जेमतेम पापुद्रा असतो, त्यावरच फुलं येतात. एक चाक फिरलं की संपलं. रील पाहून डोकं फिरतं माझं.

वरणफळ:
+१. बरं, भाजणीत धणे किती घालता? आमची कडू होते.

थारवाला_नं१:
विषय निघालाच आहे तर, त्या ट्रिपच्या डिझेलचे सोळाशे एका माणसाकडून यायचेत. तो हे वाचतोय.

पुणेकर_पुन्हा:
वाचतोय. सिलिंडर माझा होता, कच्च्या भातात कुणी घालवला? वळते करून घे.

सुमाआजी:
धणे वाटीला पाव वाटी, खमंग भाजून. मेथ्या जास्त पडत असतील तुझ्या.

डोंगरवाट२२:
जिप्सी कितीला देताय? पेट्रोलची ना? पासिंग कुठलं?

चिखलात_चाक:
एमएच १२. व्यनि (खासगी निरोप) करा. खालचा पत्रा ठोकलेला आहे, आधीच सांगतो.