‘भारतीय माणूस दाणे खातच नाही’: चीनशी केलेल्या तुलनेला एक उत्तर

कूटप्रश्न : परवा टोपणनावांनी चालणाऱ्या या चर्चास्थळावरील एका सदस्याने भारत आणि चीन यांच्या दरडोई शेंगदाणा उपलब्धतेचा 1961 पासूनचा आलेख टाकला. चीनची रेषा चढत गेली आणि आपली जमिनीलगत राहिली, सबब भारतीय माणूस दाणे खातच नाही, असा निकालही त्यांनी देऊन टाकला. उपवासाची खिचडी, काकडीची कोशिंबीर आणि भरली वांगी ज्या घरांत कुटावाचून होत नाहीत, तेथे बसून हे वाक्य लिहिण्याचे धाडस मला झाले नसते. ज्यावरून असे आलेख निघतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या ताळेबंदात, म्हणजे देशात किती अन्न आले आणि ते कोठे गेले याच्या हिशेबात, दाणे आणि शेंगतेल यांच्या ओळी वेगळ्या असतात. गेल्या शतकात आपल्या पिकाचा मोठा भाग घाण्यांवर आणि तेलगिरण्यांत गेला, तो दाण्यांच्या ओळीत दिसणार कसा? शिवाय आलेख जेथून सुरू होतो ते 1961 हे चीनमधील महादुष्काळाचे साल आहे. त्या वर्षी त्यांचे भुईमुगाचे उत्पादन आपल्या चौथ्या हिश्शाहूनही कमी होते. तळाशी गेलेली रेषा पुढे चढणारच.

ताळेबंद : तेलाची ही सबब ऐकून कंटाळा आला आहे. चीनही आपल्या पिकाचा सुमारे निम्मा भाग गाळतो आणि जगात सर्वाधिक शेंगतेल तेथेच खपते, त्यामुळे दोन्ही ओळींची बेरीज केली तरी आज आपण मागेच राहतो. 1990 च्या दशकात त्यांनी एकूण उत्पादनात आपल्याला गाठले आणि मागे टाकले. आज त्यांना हेक्टरी साडेतीन टनांहून अधिक शेंग मिळते, तर आपण दोन टनांच्या आसपास अडखळतो. कूटप्रश्न, आपली खरी चूक निराळीच आहे. या ताळेबंदाची जुनी मालिका 2013 ला संपते आणि दाण्यांचे वजन देते. नवी 2010 पासून सुरू होते, तिची पद्धत बदललेली आहे आणि तिच्यात शेंगांचे वजन धरले आहे. हा सांधा आलेख टाकणाऱ्याने पाहिला नाही आणि त्याला खोडून काढायला निघालेल्या आपणही पाहिला नाही.

लाकडी घाणा : आकडे बाजूला ठेवून मुळाशी जाऊ. 1994 साली पामोलिनची आयात खुली झाली आणि स्वयंपाकघरातील शेंगतेलाची बरणी हळूहळू हलली. आमच्या आजोबांचा घाणा त्यानंतर तीन वर्षांत बंद पडला. बैल विकला त्या दिवशी ते जेवले नाहीत. आता तेच तेल बाटलीत भरून दुप्पट दराने विकतात आणि आपल्याकडचे शेंगतेल चीन विकत घेतो. तुमच्या कोणत्या ओळीत हे बसते?

ताळेबंद : निर्यातीच्या ओळीत. आजोबांबद्दल आदर आहे, परंतु एका बैलावरून दरडोई आकडा निघत नाही.

लाकडी घाणा : ज्याने ताजी पेंड कधी हातात घेतली नाही, त्याने आम्हाला दरडोई शिकवू नये.

माळरान : दोघेही शेतापर्यंत आलेला नाहीत. मी वीस वर्षे भुईमूग केला. हेक्टरी शंभर किलोहून अधिक दाणे बियाण्यालाच लागतात, पीक एक टन येवो की चार टन. ज्याचे पीक कमी, त्याच्या घरातील दाण्यांचा मोठा वाटा पुन्हा मातीत जातो. 1990 च्या सुमारास देशात 80 लाख हेक्टरांवर भुईमूग होता, तेव्हा सुमारे आठ लाख टन दाणे नुसते पेरले जात असणार. आणि आमचे बहुतेक पीक पावसावर अवलंबून. आऱ्या, म्हणजे ज्यांच्या टोकाला शेंग धरते ते देठ, जमिनीत शिरण्याच्या वेळी पंधरा दिवस उघडीप मिळाली की शेंगा पोचट राहतात. मग रानडुकरे येतात आणि एका रात्रीत अर्धा एकर उकरून ठेवतात. वन खात्याकडे अर्ज घेऊन किती फेऱ्या मारल्या, ते लिहीत नाही. शेंगा तोडायला मजूर मिळेना, तेव्हा सोयाबीन पेरले. आता दाणे मी वाण्याकडून आणतो.

कूटप्रश्न : ताळेबंद यांनी मला इतक्या आपुलकीने अडाणी ठरवले आहे की नाही म्हणवत नाही. तेलाचा मुद्दा मी 1994 पूर्वीच्या वर्षांपुरता राखून ठेवतो. पुढच्या वर्षांसाठी तो टिकत नाही, हे मान्य. दोन मालिकांच्या सांध्याचा मुद्दाही त्यांचाच. मात्र ‘उपलब्ध नाही’ आणि ‘खात नाही’ या दोन वाक्यांतील फरक त्यांनीही सोडवलेला नाही. सासरी मराठवाड्यात दाण्याच्या चटणीवाचून पान वाढले जात नाही.

ताळेबंद : आपल्या सासरचा नमुना देशाला लावता येत नाही, एवढेच नम्रपणे सांगतो. बियाण्याचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. ती ओळ ताळेबंदात असते आणि मी ती ओलांडून पुढे गेलो होतो. रानडुकरांबद्दल सांगायचे तर उत्पादनाचा आकडा काढणीनंतरचा असतो, त्यामुळे त्यांनी खाल्लेले नुकसानीच्या ओळीतही येत नाही.

माळरान : मग ते तरी आमच्या दरडोईत धरा. आलेख थोडा वर जाईल.