फिरतीच्या धावपळीत अचानक भेटलेली जुनी माणसं

फिरस्ती
काल माळा आवरताना जुन्या पर्समध्ये मांडवी एक्सप्रेसचं तिकीट सापडलं. मे २०१२. शाई उडालीय, पण तो आठवडा अख्खा आठवला. ऑडिटची फिरती, सोमवारी पनवेल, मंगळवारी चिपळूण, बुधवारी रत्नागिरी आणि पुढे कणकवली. रोज नवं लॉज, रोज तीच गार इडली.

रत्नागिरी सोडल्यावर गाडी आडवलीला क्रॉसिंगला थांबली. कोकण रेल्वे एकेरी, समोरची गाडी जाईपर्यंत बसा घामाघूम. समोरून मुंबईकडे जाणारी मांडवीच आली आणि शेजारी उभी राहिली. खिडकीला डोकं टेकून एक बाई झोपलेली, तोंड सताड उघडं. हॉस्टेलला तीन वर्षं रोज सकाळी बघितलेलं तोंड! मी ओरडले, "ए हडळे!" ती दचकून उठली. दोघी दाराकडे पळालो. काय बोललो ते काही आठवत नाही, दोघी एकदमच बोलत होतो. तिने फणसपोळीचं पुडकं भिरकावलं, मी कसंबसं झेललं. तेवढ्यात तिची गाडी हलली. ती नंबर ओरडायला लागली. नऊ आकडे ऐकू आले, दहावा हॉर्नने खाल्ला.

कुकर झाला, येते. तुमचे सांगा तोवर.

अर्धाकप
अहो दहाव्याचं काय झालं??

सांगोलेकर
मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटत होतो. सहा दिवसांत सोलापूर, पंढरपूर, मंगळवेढा, मिरज, सगळं एसटीने. मंडळींची कंबर गेलेली. शेवटच्या दिवशी कंडक्टर तिकीट फाडता फाडता माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "कपाळावरची खोक विहिरीतली ना?" चौथीत यानेच ढकललं होतं मला! मग अख्ख्या गाडीला ती गोष्ट ऐकवली, त्यात ढकलणारा मी निघालो. पत्रिका दिली, लग्नाला सहकुटुंब आला. तिकीट मात्र पूर्ण घेतलं लेकाने.

खिडकीची_सीट
मांडवी म्हटलं की मला फक्त खाणं आठवतं, मैत्री नंतर. कटलेट आलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदासुद्धा छोटा वाटतो.

अर्धाकप
कर्जतच्या वड्यापुढे कटलेट काय घेऊन बसलात.

खिडकीची_सीट
डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये टोस्ट खा एकदा, मग बोलू.

तिन्हीसांजा
मिरज. आईचे डोळे. एका आठवड्यात तीन फेऱ्या, रजा संपलेली. दवाखान्याच्या बाकावर शेजारी जी बसली होती तिच्याशी मी अकरा वर्षं बोलत नव्हते. कारण सांगण्यासारखं नाही, पैशाचं होतं. तिचे मिस्टर आत होते. तिने डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. त्या दिवशीही फार बोललो नाही. तिसऱ्या फेरीला मी दोघींचा डबा नेला, ती नव्हती. डिस्चार्ज मिळाला म्हणे. तो 'डिस्चार्ज' कसला ते विचारायचा धीर नाही झाला.

सांगोलेकर
ताई, अजून विचारा. उशीर झाला तरी विचारा.

तिन्हीसांजा
बघते दादा.

घाईत_आहे
दादरचा पूल, संध्याकाळी सहा. मागून "ए टकल्या!" मी वळलो. आणखी चौघे वळले.
आवाज देणारा माझा मित्र नव्हताच, पण त्या चौघांतला एक होता. शाळेत दोघांनाही भरपूर केस होते.

अर्धाकप
😂😂 फिरस्तीताई कुठे गेल्या? कुकर की पंगत?

फिरस्ती
आले आले, पाहुणे होते. कणकवलीच्या लॉजवर बसून शून्यापासून एकेक आकडा लावला. तीनवर साताऱ्याचे एक काका निघाले. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "बेटा, सापडली की मला कळव." सातवर हडळ! पहिलं वाक्य, "पुडकं फुटलं का?" परवा तिच्या सुनेचं डोहाळजेवण झालं, मीच ओटी भरली. आणि ते काका अजून दिवाळीला मेसेज करतात.

खिडकीची_सीट
फणसपोळी कुठून मागवता ते सांगा. आणि साठं म्हणजे तेच का?

फिरस्ती
साठं आंब्याचं. कोकणात असं विचाराल तर मार खाल.

सांगोलेकर
आमच्याकडची डाळिंबं मागवा, भांडण नाही.