मदत हवी आहे: छोट्या ट्रॅक्टरचा डिफरन्शियल लॉक सुटत नाही

नमस्कार. माझ्याकडील छोट्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचा मागचा डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकमेकांना जोडून सारख्याच गतीने फिरवणारी यंत्रणा) एकदा लागला की सुटेनासा झाला आहे. मागचे हाउसिंग (गिअर आणि डिफरन्शियलचे बंद लोखंडी आवरण) उघडण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे बाहेरूनच ठरवता येईल का, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

लॉकचे पेडल उजव्या टाचेजवळ आहे. ओल्या रानात नांगरणी चालू असताना मागचे एक चाक जागेवरच फिरू लागले, म्हणून पेडल दाबले. ट्रॅक्टर चिखलातून निघाला, पण पाय काढल्यावर पेडल पूर्ण वर न येता साधारण निम्म्यावरच थांबले. तेव्हापासून वळताना स्टिअरिंग पुरते फिरवले तरी ट्रॅक्टर सरळ जाण्याचीच ओढ घेतो, पुढची चाके माती ढकलत तिरकी घसरतात, कडक जमिनीवर मागचे टायर घासल्याचे काळे ओरखडे उठतात आणि मध्येच मागून ‘टक्’ असा आवाज होऊन गाडीला हिसका बसतो.

सरळ चालवत क्लच दाबणे, थोडे मागे घेणे, स्टिअरिंग हळूहळू दोन्हीकडे फिरवणे हे उपाय केले, आणि त्यांनी लॉक कधी सुटतो, कधी सुटत नाही. बुटाचा चवडा पेडलखाली घालून ते वर उचलले तर बहुतेक वेळा सुटतो, परंतु खाचखळग्यांत पेडल आपोआप खाली सरकते आणि लॉक पुन्हा लागतो. मला या शेवटच्या गोष्टीची अधिक काळजी वाटते, कारण मी न सांगता लागणारा लॉक वळणावर किंवा उतारावर लागला तर काय होईल याचा भरवसा नाही. दोष पेडल आणि त्याच्या शाफ्टमध्ये असावा की आतल्या फोर्कमध्ये (लॉकचा भाग सरकवणाऱ्या दुबेळक्यासारख्या तुकड्यात)? आणि दुरुस्ती होईपर्यंत रिकामी ट्रॉली जोडून रस्त्याने नेणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नेऊ नका, ट्रॉली रिकामी असली तरीही. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते आणि तो फरक सांभाळण्यासाठीच डिफरन्शियल असते. लॉक लागला की दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून एकेका चाकाकडे जाणारे दांडे) एकाच गतीने फिरतात, त्यामुळे ट्रॅक्टर वळणाला दाद देत नाही. शिवाय एका बाजूचा ब्रेक दाबून वळण्याची आपल्याला सवय असते, तोही उपाय अशा वेळी हाताशी राहत नाही, कारण एका चाकाला लावलेला ब्रेक लॉकमधून दुसऱ्या चाकालाही लागतो.

आता मूळ दोषाकडे. लॉक न सुटण्याची कारणे दोन निरनिराळ्या जातीची असतात आणि ती वेगळी केल्याशिवाय पान्याला हात लावू नये. पहिल्या प्रकारात काहीच बिघडलेले नसते. लॉकमधील दातेरी कॉलर (फोर्कने सरकणारी कडी) डिफरन्शियलच्या केसमध्ये अडकलेली असते आणि कडक जमिनीवर वळल्यामुळे किंवा दोन्ही चाकांवरचा भार असमान असल्यामुळे शाफ्टमध्ये पीळ साठतो. त्या पिळाने दाते एकमेकांवर इतके दाबले जातात की परतीच्या स्प्रिंगला कॉलर मागे ओढता येत नाही. पीळ सैल झाला की लॉक आपोआप सुटतो. क्लच दाबून थोडे मागे घेण्याचा सल्ला देतात तो याचसाठी. दुसऱ्या प्रकारात काहीतरी खरोखर अडकलेले किंवा तुटलेले असते: पेडलचा शाफ्ट गंजून जाम होणे, स्प्रिंग सैल पडणे किंवा तुटणे, फोर्क वाकणे, फोर्कची पिन सरकणे, दात्यांच्या कडा चेपून त्यांना ओठ येणे.

हे दोन प्रकार वेगळे करण्याची कसोटी अशी. ट्रॅक्टर सपाट, कडक जागेवर उभा करा, मागचे अवजार काढा, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्या आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांवर काम करतो, म्हणून चाचणीच्या वेळी तो सोडावा लागतो आणि सगळी भिस्त त्या ठोकळ्यांवर असते. ते काळजीपूर्वक बसवा. मागचा भाग उचलून अॅक्सलच्या दोन्ही हाउसिंगखाली भक्कम स्टँड द्या, नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर ठेवून काम करू नका. मग फोर व्हील ड्राइव्ह काढून खालचा गिअर टाका. गिअरमध्ये असताना क्राउन (डिफरन्शियलला फिरवणारे मोठे दातेरी चाक) फिरू शकत नाही. अशा स्थितीत एक चाक हाताने फिरवल्यावर दुसरे उलट दिशेने फिरले तर लॉक सुटलेला आहे. दोन्ही चाके किंचित हलून जागीच अडली तर लॉक लागलेला आहे. चाके जमिनीवरून उचलताच लॉक सुटला, तर ते पिळाचे काम होते. भार नसतानाही तो तसाच राहिला, तर दोष यांत्रिक आहे.

आपण लिहिले आहे की पेडल उचलल्यावर लॉक सुटतो आणि हादऱ्याने पुन्हा लागतो. त्यावरून आतली कॉलर आणि फोर्क शाबूत असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तरीही चाचणी करूनच ठरवा.

प्रतिसाद २

वरील माहितीत दोनच गोष्टी जोडतो. कडक जमिनीवर फोर व्हील ड्राइव्ह लावलेला असेल तर स्टिअरिंग तसेही जड होते, कारण पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील अशीच रचना असते. तो काढून मगच लक्षणांचा विचार करा. दुसरे, मागच्या दोन्ही टायरांतील हवा मोजून घ्या. एका बाजूची हवा कमी असेल किंवा टायर जास्त झिजलेला असेल तर त्या चाकाचा घेर प्रत्यक्षात लहान पडतो आणि लॉक लागलेला असताना सरळ चालतानाही पीळ साठत राहतो.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. टायरांतील हवा दोन्हीकडे सारखी आहे. चाके उचलल्यावरही, पेडल निम्म्यावर असेपर्यंत लॉक लागलेलाच होता, त्यामुळे केवळ पिळाचे कारण बाद झाले. पेडल हाताने पूर्ण वर धरून एक चाक थोडे मागेपुढे हलवले, तेव्हा आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि त्यानंतर दुसरे चाक उलट दिशेने मोकळे फिरू लागले.

पेडलचा शाफ्ट जिथे हाउसिंगमध्ये शिरतो तिथे वाळलेल्या चिखलाचा घट्ट थर होता आणि तो खरवडल्यावर खाली शाफ्टवर तांबूस गंज दिसला. परतीची स्प्रिंग बाहेरच आहे. ती काढून पाहिली तर एका टोकाकडचे वेढे एकमेकांना न चिकटता फाकलेलेच राहतात. स्प्रिंग काढल्यानंतरही शाफ्ट हाताने फिरवायला बराच जोर लागतो. मागच्या हाउसिंगमधील तेल तपासले, ते दुधाळ झालेले नाही आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप आहे, तुकडे नाहीत. शाफ्टला बाहेरून उष्णता देऊन तो मोकळा करावा का?

प्रतिसाद १

उष्णता अजिबात देऊ नका. त्या शाफ्टवर लगतच रबरी ऑइल सील असते, ते जळेल आणि मग हाउसिंगमधील तेल बाहेर पडू लागेल. हातोडीने ठोकणेही टाळा, कारण तो मार थेट आतल्या फोर्कवर जातो आणि आज शाबूत असलेला फोर्क उद्या वाकलेला निघेल. गंज सोडवणारे तेल शाफ्टच्या कडेने सोडा, रात्रभर मुरू द्या आणि पेडल हाताने वरखाली करत राहा. सुरुवातीला हालचाल बोटभरच होईल; ती सावकाश वाढू द्या. बाहेर येणारा तांबूस राडा दर वेळी फडक्याने पुसा, नाहीतर तोच पुन्हा सीलच्या ओठाखाली जाऊन बसतो. शाफ्टचा उघडा भाग अगदी बारीक पॉलिश पेपरने साफ करता येईल, मात्र सील जिथे बसते त्या पट्ट्याला पेपर लावू नका. तिथे ओरखडे पडले तर नवे सीलही गळते.

स्प्रिंग बदलाच, जुनी वाकवून किंवा एखादा वेढा कापून वापरू नका. मात्र शाफ्ट मोकळा होण्याआधी नवी स्प्रिंग लावून समाधान मानू नका, कारण नवी स्प्रिंग जाम शाफ्टला काही काळ ओढून नेते आणि दोष झाकला जातो. स्प्रिंगशिवाय पेडल एका बोटाने वरखाली होऊ लागले म्हणजे शाफ्ट खरोखर मोकळा झाला असे समजा. त्यानंतर पेडलची मोकळी चाल आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिली आहे तेवढी ठेवा. ती अजिबात नसेल तर फोर्क कॉलरवर सतत टेकून राहतो आणि दोघेही झिजतात. तेल दुधाळ नाही आणि चुंबकावर तुकडे नाहीत, ही दोन्ही लक्षणे चांगली आहेत. हाउसिंग उघडण्याचे कारण मला आज तरी दिसत नाही. पेडल पूर्ण वर असतानाही लॉक लागलेला राहिला, तर मात्र फोर्क किंवा कॉलर पाहावीच लागेल आणि ते काम चांगल्या मेकॅनिककडेच द्यावे.

धागाकर्त्याचे उत्तर

शाफ्ट मोकळा झाला आहे. नवी स्प्रिंग बसवून मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे ठेवली आणि चाके उचलून पुन्हा चाचणी केली: पेडल दाबताच दोन्ही चाके अडतात, सोडताच ते स्वतःहून वर येते आणि चाके उलटसुलट मोकळी फिरतात. नंतर मऊ रानात, सरळ रेषेत, अगदी सावकाश चालवत लॉक लावून आणि सोडून पाहिला. वळताना ओढ नाही, हिसका नाही आणि खाचखळग्यांतून नेल्यावरही पेडल जागचे हलले नाही. सीलच्या कडेला तेलाचा हलका ओलावा दिसतो, पण थेंब धरत नाही. तूर्त ते पुसून रोज पाहत आहे आणि तेलाची पातळी कमी होऊ लागली तर सील बदलून घेईन.

प्रतिसाद २

चिखलातले काम संपले की शाफ्टभोवतीचा चिखल ओला असतानाच धुऊन काढा. मात्र प्रेशर पंपाची धार थेट सीलवर मारू नका, पाणी त्याच वाटेने आत शिरते. तसेच लॉकची गरज नसली तरी मऊ जमिनीवर सरळ चालताना तो अधूनमधून लावून सोडत जा, म्हणजे शाफ्ट हलता राहील.

धागाकर्त्याचे उत्तर

तसेच करीन. ज्यांच्या ट्रॅक्टरमध्ये हीच तक्रार असेल त्यांच्यासाठी एक नोंद: माझ्या मॉडेलमध्ये परतीची स्प्रिंग बाहेर होती म्हणून ती सहज बदलता आली. काही रचनांमध्ये ती हाउसिंगच्या आत असते, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी आपल्या पुस्तिकेतील आकृती पाहून घ्यावी.