गढूळ पाणी, गाभोळीचा बास आणि तीन अडलेले शब्द

डॅलसकर
डॅलसच्या ईशान्येला लॅव्हन म्हणून तलाव आहे. तलाव म्हणायचं एवढंच, खरं तर धरणाचा फुगवटा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी तिथे गळ घेऊन जातो, बास नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशासाठी. परवा बाबांना चिपळूणला फोनवर सांगत होतो, "आज बास धरायला गेलो होतो." ते म्हणाले, "बास तर बास, पण धरलंस काय?"

पुढे आणखी तीन ठिकाणी अडलो.

एक, इथले गळवाले 'मडी' (मातकट) आणि 'स्टेन्ड' (रंग चढलेलं) असे पाण्याचे दोन वेगळे प्रकार मानतात. मी दोन्हींना गढूळच म्हटलं. दोन, 'ल्युअर'. आमिष म्हणावं तर ती वस्तू पत्रा, तार आणि रबराची. तीन, 'प्रीस्पॉन', म्हणजे अंडी घालण्याआधीचे ते काही आठवडे, जेव्हा मासा खोल पाणी सोडून काठाकडे सरकतो आणि वखवखल्यासारखा खातो. याला चपखल मराठी शब्द आहे का?

खाडीकाठ
तिसऱ्याचं उत्तर तुमच्या बाबांच्या ताटातच असेल. गाभोळी! पोटात अंडी धरलेल्या मादीला आमच्याकडे 'गाभोळीवर आलेली' म्हणतात. 'प्रजननपूर्व काळ' वगैरे सरकारी भाषा कशाला?

दुसरा शब्द चढणीचे मासे. पहिल्या पावसात वहाळाला लाल पाणी आलं की मासे प्रवाहाविरुद्ध वर शेतांपर्यंत चढतात, अंडी घालायला. गढूळ पाणी, उथळ जागा, गाभोळी, तिन्ही गोष्टी तुमच्यासारख्याच.

डॅलसकर
गाभोळी एकदम मान्य. 'चढण' मात्र इथे बसत नाही हो. चढणीला वाहतं पाणी लागतं, इथे पाणी उभं आहे. बास खालून वर चढत नाही, खोलातून काठाला लागतो. आणि त्याला पावसाची नव्हे, उन्हाची हाक असते. पाणी साधारण १० ते १५ अंश सेल्सिअसला आलं की तो हलायला लागतो, अंडी त्याहून ऊबदार पाण्यात. गंमत म्हणजे गढूळ पाण्यातले मातीचे कण ऊन शोषतात, त्यामुळे वरचा थर लवकर तापतो. म्हणून या दिवसांत दुपारी मी उत्तरेकडचा काठ धरतो. त्याचं तोंड दक्षिणेला, ऊन सगळं त्याच्यावर.

कोशात डोकं
आमिषाबद्दल. संस्कृतात आमिष म्हणजे मुळात मांस. म्हणून तर सामिष आणि निरामिष जेवण. मांसाचा तुकडा गळाला लावायचा, त्यावरून मासा भुलवायची वस्तू, आणि तिथून पुढे पैशाचं, नोकरीचं, लग्नाचं आमिष. मराठीत आता हा शेवटचा अर्थच जास्त चालतो, पोलिसांच्या बातम्या वाचा. तेव्हा पत्र्याला आमिष म्हणायला हरकत नाही. त्यात मांस नसेल, फसवणूक पुरेपूर आहे. फक्त 'कृत्रिम आमिष' नको, पाठ्यपुस्तकाचा वास येतो. तोंडी बोलताना सरळ ल्युअर म्हणा.

खाडीकाठ
आणि गांडूळ, कोलंबी लावली असेल तर आमिषसुद्धा नको. "गळाला काय लावलंस?" एवढंच विचारतात. गळालाही आमच्याकडे गरी म्हणतात आणि गळाने मासे धरणं म्हणजे गरवणं. बाबांना "गरवायला गेलो होतो" म्हणाला असतात तर बासवर अडलं नसतं.

तुरटी
मी मूळ विदर्भातली, माशांतलं काही कळत नाही, पण गढूळ माझ्या ओळखीचा. लहानपणी पावसाळ्यात नळाला मातीचं पाणी यायचं. आई हंड्यात तुरटी फिरवायची, सकाळी वरचं पाणी निवळलेलं आणि तळाशी बोटभर गाळ. माझ्या मते गढूळ या शब्दात हे गृहीतच आहे: आत काहीतरी ढवळलं गेलंय आणि ठेवलं तर ते खाली बसणार. गढूळचा जोडीदार 'निवळ', 'स्वच्छ' नव्हे. तुमचं दुसऱ्या प्रकारचं पाणी ठेवल्यावर निवळतं का?

डॅलसकर
ताई, तुम्ही गाठच सोडवलीत. नाही निवळत! पूर्वेला लुइझियानाच्या सीमेवर कॅडो लेक आहे, पाण्यात उभी सायप्रसची झाडं. तिथे पाला कुजून पाण्याला रंग चढतो. बाटलीत महिनाभर ठेवा, कोऱ्या चहासारखंच राहणार. म्हणजे ते गढूळ नव्हेच. लॅव्हनचं मात्र अस्सल गढूळ. तळाला काळी चिकण माती, एकेकाळची कापसाची जमीन, तुमच्या विदर्भाच्या काळ्या मातीची चुलत बहीण. उन्हाळ्यात भेगा पडतात, ओली झाली की बुटाला पायलीभर चिकटते. वारा सुटला की उथळ पाणी ढवळतं आणि दोन-दोन दिवस बसत नाही.

मात्र इथले लोक 'स्टेन्ड' सैल वापरतात. अर्धवट गढूळ पाण्यालाही तेच म्हणतात.

कोशात डोकं
मग कॅडोचं 'काढ्याचं पाणी' म्हणा. अर्धवटाला 'मळकं' चालेल.

डॅलसकर
मी तर मापानेच सांगायला लागलोय. होडीच्या कडेला पांढरा ल्युअर पाण्यात सोडायचा आणि दिसेनासा झाला की थांबायचं. गेल्या रविवारी वीतभर खाली गेला आणि गेलाच. "वीतभर पाणी" म्हटल्यावर बाबांना मात्र लगेच कळलं.

अशा पाण्यात मासा डोळ्यांवर फारसा विसंबत नाही, अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ असते तिने पाण्यातली थरथर ओळखतो. म्हणून तारेला मोठा गोल पत्रा लावलेला ल्युअर, अगदी सावकाश, बुडालेल्या खोडाला घासून ओढायचा. पत्रा फिरताना धडधड मनगटापर्यंत येते. रविवारी ती मध्येच थांबली. ओढ नाही, झटका नाही, नुसती थांबली. त्यालाच मासा म्हणायचं. काठी उचलली तेव्हा खोड चालायला लागलं.

निवळशंख
'गढूळ पाण्यात मासे पकडणे' हे राजकारणातलं वाक्य राहिलंच की. ते इंग्रजीतून आलेलं दिसतं.

डॅलसकर
ज्याने काढलं त्याच्या हातात जाळं असणार. गळवाल्याला गढूळ पाणी म्हणजे शिक्षा.

मासेखाऊ
बासला सरळ जिताडा म्हणा ना. हॉटेलात 'सी बास' मागवलं की तोच देतात.

डॅलसकर
नको. जिताडा खाडीचा, मोठ्या घराण्यातला. हा गोड्या पाण्यातला, आणि त्याचं कूळ सनफिशचं, खऱ्या बासचंही नाही. जबडा मिटला तरी डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, म्हणून नावातच 'मोठ्या तोंडाचा'.

खाडीकाठ
पण रविवारी खोड चालायला लागलं, त्याचं पुढे काय? गाभोळी होती का?

डॅलसकर
होती. पोट टम्म. चांगली दोन किलोची. फोटो काढला आणि सोडली परत. आता चौथा शब्द: धरून परत सोडण्याला काय म्हणायचं?

खाडीकाठ
गाभोळीसकट सोडली? आमच्याकडे असलं कुणी करत नाही, त्यामुळे शब्द नाही.