अनुभव धागा: शिकायचा तास कुठून काढलात?

काल आईचं कपाट आवरताना तिची शिवणक्लासची वही मिळाली. कटोरी ब्लाउजची मापं, मुंढ्याची गोलाई, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर वेळ: पहाटे साडेचार. आम्ही भावंडं तेव्हा गाढ झोपेत असायचो. तिला विचारायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला विचारते. संसार, नोकरी सुरू झाल्यावर जे शिकलात, त्याला वेळ कुठून काढलात? रमाबाई रानडे घरातल्या बायकांचे टोमणे सोसत इंग्रजी शिकल्या. तुमच्या वाट्याला काय आलं, तेही लिहा.

नाशिकहून
मी पाच घरी पोळ्यांना जाते. शाळा आठवीत सुटली. ३८व्या वर्षी १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा फॉर्म भरून दहावीला बसले. वेळ दुपारचा, अडीच ते चार. पूर्वी तेवढाच वेळ पाठ टेकायचे. मराठी, इतिहास जमलं, भूमितीनं रडवलं. वर्तुळपाकळी काही केल्या डोक्यात शिरेना. लेक म्हणाली, "आई, पोळीचा चतकोर म्हणजे ९० अंशांची वर्तुळपाकळी. अख्ख्या पोळीचं क्षेत्रफळ काढ आणि चारनं भाग." त्या दिवशी परातीपुढे बसून मी अर्धी, चतकोर, नितकोर, सगळ्यांचे अंश मांडले. गणितात ४१ पडले. एका काकूंनी पेढे आणले. दुसऱ्या घरी परीक्षेच्या दिवसांचे पैसे कापले, ते अजून लागतं.

डोंबिवलीहून
बँकेत आहे. जेएआयआयबीचा, म्हणजे बँकेतल्या लोकांसाठी असलेल्या परीक्षेचा, सगळा अभ्यास लोकलमध्ये केला. चौथी सीट मिळाली तर पुस्तक, नाहीतर उभ्यानं मोबाइलवर नोट्स. ग्रुपमधल्या मैत्रिणी परतीच्या गाडीत माझ्या वाटणीची मेथी निवडून द्यायच्या. पास झाल्यावर एक वेतनवाढ मिळाली. पहिल्या महिन्यात सगळ्या डब्याला वडापाव दिले.

सातारा जिल्ह्यातून
अंगणवाडी सेविका आहे, २२ वर्षं झाली. पोरांची वजनं-उंची रजिस्टरात लिहायची सवय. मग ते सगळं फोनवर आलं. चुकीचं बटण दाबलं तर सगळ्या पोरांची नावं पुसतील, अशी धास्ती. रात्री जेवणं उरकल्यावर सून शेजारी बसायची. "आत्या, दाबा की. काय फुटत न्हाई." गावात रेंज नाही, म्हणून माहिती भरायला टेकाडावर जाते. आता शेजारच्या वाडीतल्या दोघींना मीच शिकवते.

मिरजेची, सध्या जर्मनीत
नर्स आहे. इथं यायचं तर बी२ पातळीची जर्मन हवी होती. नाइट ड्युटीत वॉर्ड शांत झाला की शब्द पाठ करायचे. मराठीसारखीच तीन लिंगं, म्हणून धीर आला होता. पण इथं सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी! आपलं 'पोरगं' आठवलं, म्हणून तेवढं एक कायमचं लक्षात राहिलं. लेक तेव्हा तीन वर्षांची, आईकडे होती. ती फोनवर यायची नाही. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

अकोल्याहून
मला नाही काढता आला. एम.ए.चं दुसरं वर्ष २०११ पासून तसंच आहे. आधी सासऱ्यांचं दुखणं, मग मुलांच्या दहावी-बारावी. पुस्तकं मात्र कुणाला दिली नाहीत.

लातूरहून
नाशिकच्या ताई, माझाही यंदा १७ नंबरचा फॉर्म आहे. प्रमेयं कशी लक्षात ठेवलीत? पायथागोरसच्या पुढे सरकताच येत नाहीये.