'एत्सा' म्हणजे सल्ला, बेत की मसलत?

हिब्रू 'एत्सा'ला मराठीत नेमकं काय म्हणाल? बायबलमधल्या नीतिसूत्रांचा १९ वा अध्याय मूळ शब्द शेजारी ठेवून वाचत होते आणि अडकले. २० व्या वचनात एत्सा ऐक, शिस्त लावून घे असं आहे, म्हणजे मोठ्यांचा सल्ला ऐक, ठीक. पण लगेच २१ वं म्हणतं की माणसाच्या मनात विचार ढीगभर, उभी राहते ती यहोवाची एत्सा. आता इथे देव कोणाला सल्ला देतोय? एकीकडे सल्ला आणि दुसरीकडे संकल्प लिहिलं की अर्थ बरोबर येतो पण तोच शब्द परत आलाय हे वाचणाऱ्याला कळतच नाही, सगळी गंमत तिथेच जाते.

*

धातू याअत्स, त्यावरून योएत्स म्हणजे सल्लागार. आजच्या इस्राएलमध्येही एत्सा म्हणजे साधा सल्लाच. जुन्या ग्रंथात मात्र सल्ला आणि त्यातून ठरलेला बेत, दोन्हीला हाच शब्द. अजून एक बघा, १५:२२ मध्ये सल्लागार पुष्कळ असले की बेत 'ताकूम', उभे राहतात, आणि १९:२१ मध्ये देवाच्या एत्सेलाही तेच ताकूम. म्हणजे माणसाला विचारू नका असं कुठे म्हणतच नाहीयेत.

माणसाच्या आणि देवाच्या एत्सेची खरी टक्कर बघायची तर अहीथोफेल वाचा, २ शमुवेल १६-१७. राजा दावीदावर उठलेला त्याचाच मुलगा अबशालोम, त्याचा हा सल्लागार. याचा सल्ला म्हणजे देवालाच विचारल्यासारखा, असा त्याचा लौकिक. तो अबशालोमला सांगतो, १२,००० माणसं द्या, आज रात्रीच दावीदाला गाठतो, तो दमलाय. लष्करी दृष्टीने एकदम करेक्ट. दावीदाने अबशालोमकडे पेरलेला माणूस हूशय उलटं सांगतो की घाई नको, दानपासून बैरशेब्यापर्यंतचे, म्हणजे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचे सगळे लोक गोळा करा, तुम्ही स्वतः पुढे व्हा, आणि अबशालोम त्यालाच भुलतो. तिथे लेखक काय लिहितो, तर अहीथोफेलची 'चांगली एत्सा' मोडायचं यहोवाने ठरवलं होतं. चांगली! सल्ला चुकीचा होता म्हणून नाही फसला. बिचारा गाढवावर खोगीर घालून घरी गेला, निरवानिरव केली आणि फास लावून घेतला.

*

मग मसलत म्हणा की! सल्लामसलतमधली मसलत आणि बखरीतली मसलत एकच, तिथे ती नुसती चर्चा नसते, आखलेला डाव, मोहीमसुद्धा असते. 'अहीथोफेलची चांगली मसलत' काय फिट बसतंय.

*

अहीथोफेलला बसतंय हो, पण 'देवाची मसलत' कानाला कसंतरीच लागतं. मसलत म्हटली की दोनचार डोकी जवळ येऊन कुजबुजतायत असं वाटतं. देव कुणाबरोबर बसलाय मसलतीला?

*

ताई, हाच प्रश्न यशया ४०:१४ मध्ये आहे, त्याने कोणाशी मसलत केली, आणि क्रियापद याच धातूचं! त्यामुळे मला तर खटकणं फायद्याचंच वाटतं. संकल्प फार गुळगुळीत झालाय, पूजेला बसल्यावर हातावर पाणी सोडतो तोच डोळ्यासमोर येतो.

*

थोडं अवांतर. देवाला विचारणं याला एत्सा नाही, तिथे 'शाअल' येतं. यहोशवा ९ मध्ये जवळच राहणारे गिबोनी लोक तह मिळवायला शिळी बुरसलेली भाकर, फाटके बुधले आणि ठिगळं लावलेली पायताणं घेऊन येतात की बघा आम्ही किती लांबून आलो, आणि इस्राएली त्यांची शिदोरी तपासतात पण यहोवाच्या 'तोंडाला' विचारत नाहीत. आमच्या कोकणात याला सरळ कौल लावला नाही म्हणतील. आणि यशया ३०:१-२ मध्ये दोन्ही शब्द लागोपाठ येतात. मिसरच्या आसऱ्याला निघालेल्यांना यहोवा सुनावतो, एत्सा केलीत ती माझी नाही, माझ्या तोंडाला विचारलं नाहीत. मी असं करेन : मसलत केलीत, कौल घेतला नाहीत.

*

कौल घेते. मसलतीवर अजून एक रात्र झोपून बघते.